सरस सुकेपर्यंत

छापखान्याच्या बाइंडिंग खात्याच्या दारावर साडेदहाला नवी नोटीस लागली आणि मोठ्या बाईंनी ती उभ्यानंच वाचली. बसायची वेळ अजून झाली नव्हती. पंधरा मिनिटांची भरपगारी विश्रांती आजपासून पाच मिनिटांची करण्यात येत आहे, असं तिच्यात लिहिलं होतं.

बाई या खात्याच्या प्रमुख. बावीस वर्षं त्यांनी इथं पुस्तकं बांधली होती. पुस्तकाच्या पाठीला सरस लावायचा, पुस्तकं शिकंज्यात आवळायची आणि सरस धरेपर्यंत पंधरा मिनिटं त्यांना बोट लावायचं नाही, ही इथली जुनी रीत. ही विश्रांती मुळात कुणा मालकानं दिलेलीच नव्हती, ती सरसानं दिली होती. पुढे ती करारातही तशीच उतरली. दिवसभरात बाई टेकत त्या तेवढ्याच वेळात. गुडघे तर कधीच कामातून गेले होते. संध्याकाळी लेक तेल चोळता चोळता म्हणायची, "आई, आता पुरे कर ना." पण बाईंना काम सोडायचं नव्हतं. ती पंधरा मिनिटं आहेत तोवर रेटता येईल, असं त्या स्वतःला बजावत. आता तीच गेली होती.

नोटीस लावणारे मॅनेजर महिन्यापूर्वीच आले होते. सारखे मनगटाकडे बघत फिरायचे, म्हणून कातरयंत्रावरच्या काकांनी त्यांचं नाव घड्याळसाहेब ठेवलं होतं.

"साहेब, पाच मिनिटांत सरस धरत नाही हो," बाई म्हणाल्या.

"सरसाला पगार आहे का?"

"नाही."

"मग त्याची वकिली तुम्ही कशाला करता? पाच मिनिटं झाली की शिकंजे उघडायचे. आणि बाराला कामगार अधिकारी येतायत. आपल्या नियमपुस्तिकेच्या शंभर प्रती तोवर तयार पाहिजेत. पहिली प्रत मी स्वतः त्यांच्या हातात देणार आहे."

"पाच मिनिटांचं तेवढं लिहून द्या."

साहेबांनी तिथल्या तिथं चिठ्ठी लिहून, खाली सही करून दिली. शिस्तीत ते कुणाला हार जाणारे नव्हते.

"बाई, गुपचूप पंधरा मिनिटं राहू द्या आवळून," काका कुजबुजले. "त्यांना काय कळतंय?"

बाईंचाही जीव तेच म्हणत होता. त्यांच्या हातून सैल पुस्तक आजवर बाहेर पडलं नव्हतं. पण पुस्तक पक्कं निघालं, तर पाच मिनिटं पुरतात हे साहेबांचं म्हणणं खरं ठरणार, आणि सुटलं तर आपलं नाक कापलं जाणार. इकडे आड, तिकडे विहीर. बाईंनी घड्याळाकडे पाहिलं, डोळे मिटले आणि पाचव्या मिनिटाला शिकंजा सैल केला. कुणाचं तरी मूल रस्त्यात सोडून आल्यासारखं त्यांना वाटलं.

कामगार अधिकारी आले ते आग विझवायची नळकांडी तपासायला. नियमपुस्तिका वाचायचा त्यांचा अजिबात बेत नव्हता. पण साहेबांनी ती दोन्ही हातांनी पुढे केली, तेव्हा शिष्टाचार म्हणून त्यांनी ती मधोमध उघडली. एक पान खाली पडलं. त्याच्यामागून सात-आठ पानं गेली. अधिकाऱ्यांच्या हातात नुसता पुठ्ठा उरला.

"ही प्रत जरा खराब दिसतेय," म्हणत साहेबांनी दुसरी दिली. तिची पानं कातरयंत्राखाली गेली. तिसरी त्यांनी घाबरून स्वतःच उघडून पाहिली आणि मग साहेब, काका आणि अधिकारी असे तिघंही फरशीवर रांगू लागले. कुणी हसलं नाही. प्रसंग तसा गंभीरच होता.

पानं क्रमानं लावायची म्हणून अधिकाऱ्यांनी चष्मा चढवला. त्यामुळे वाचणं आलं.

"पान एक्केचाळीस. विश्रांती पाच मिनिटं? पंधरा होती ना? कामगारांना विचारलं का?"

"नोटीस लावली आहे, सर."

"नोटीस लावणं म्हणजे विचारणं नव्हे. करारातली भरपगारी विश्रांती अशी एकट्यानं कापता येत नाही. आणि ही पुस्तकं कुणी बांधली?"

बाईंच्या डोळ्यांत पाणी आलं. त्यांनी साहेबांची चिठ्ठी पुढे केली. "मी बांधली," त्या म्हणाल्या. "बावीस वर्षांत अशी पहिल्यांदाच बांधली."

अधिकाऱ्यांनी चिठ्ठी दोनदा वाचली. "नोटीस उतरवा. जुना नियम छापून ते पान बदला आणि पुस्तकं पुन्हा बांधा. मी थांबतो."

पान छापून आलं. पुन्हा सरस लागला, शिकंजे आवळले गेले आणि बाई बाकावर बसल्या. दोन्ही पाय त्यांनी समोर लांब केले. सगळं खातं बसलं, अधिकारीही स्टुलावर बसून पेपर चाळू लागले. साहेब मात्र मधोमध उभेच होते. चार मिनिटांनी ते बाईंजवळ सरकले.

"बाई, माझ्या नेमणूकपत्रात विश्रांतीच नाही हो," ते खालच्या आवाजात म्हणाले. "वरच्यांनी पहिल्याच दिवशी खोडली. महिनाभर मी जेवतोसुद्धा उभ्यानं."

बाईंना त्यांचा राग यायला हवा होता. तो थोडा आलाही. पण त्यांच्या सुजलेल्या पावलांकडे लक्ष गेलं आणि बाई बाकावर जरा सरकल्या.

"आधी बसा. काका, साहेबांना एक कोरा कागद द्या. अधिकारी इथंच आहेत, अर्ज लिहून होईल."

साहेब बसले. पेन उघडून त्यांनी बाईंकडे पाहिलं.

"किती मिनिटं मागू?"

"वीस लिहा," बाई म्हणाल्या. "पाच कापायची वरच्यांना सवय असते."