चादरीवरचा सिंह

"आफ्रिका!" पोह्यांची ताटली खाली ठेवत प्रदीप सर्वगोड म्हणाला. "यंदा लग्नाला पंचवीस वर्षं होतायत. आधी जंगलातल्या लॉजवर राहायचं, मग शहरात. पुन्हा जंगल, पुन्हा शहर. असा प्लॅन करतो की अख्ख्या जुळे सोलापुरात कुणी केला नसेल!"

"आधी टाकीचा कॉक बदला," शुभदा म्हणाली. "आज पाणी यायचा दिवस आहे."

तिचं तरी काय चुकलं म्हणा! प्रदीपचे प्लॅन तिला नवे नव्हते. काश्मीर झालं, केरळ झालं, अंदमान तर दोनदा झालं, आणि सगळं घरातल्या दिवाणावर बसूनच झालं. प्रत्यक्षात दोघं एकदाच निघाली, तीही नान्नजला, माळढोक पक्षी बघायला. दिवसभर उन्हात बसली. माळढोक काही आला नाही. शेवटी मेंढरं घेऊन एक म्हातारा आला आणि त्यानंच विचारलं, "काय हरवलंय का तुमचं?" परत येताना शुभदा एवढंच म्हणाली, "मला एकदा तरी काहीतरी दिसायला पाहिजे ओ. मेंढरं सोडून."

ते वाक्य प्रदीपच्या काळजात रुतून बसलं होतं. हिला सिंहच दाखवायचा, असं त्यानं तेव्हाच ठरवलं. पुण्यात नोकरीला असलेल्या लेकीनं, बुद्धप्रियानं, दोघांचे पासपोर्टही काढून दिले होते. आणि आफ्रिकेची घोषणा झाली त्याच संध्याकाळी टाकी बघायला तो गच्चीवर गेला, तर मोठी बॅग उघडून कलत्या उन्हात ठेवलेली! म्हणजे तोंडानं काही का म्हणेना, बाईसाहेबांनी मनावर घेतलं होतं. प्रदीपला एकदम भरून आलं, आणि त्या भरात कॉक बदलायचा राहिला.

प्रदीप अक्कलकोट रोड एमआयडीसीत राजशेखर शेठच्या कारखान्यात चादरींची डिझाइनं काढायचा. कॉम्प्युटरवर चौकोन भरायचे, एक चौकोन म्हणजे एक धागा, आणि झालेलं डिझाइन पेनड्राइव्हमधून मागावर चढवायचं. मग मोर म्हणा, कमळ म्हणा, जे भरलं असेल ते माग विणत सुटतो. कॉम्प्युटरवरची दुसरी कुठलीच विद्या प्रदीपला येत नव्हती. म्हणून त्यानं सहलीचा प्लॅनही तिथंच काढला. चौकोन भरून!

दुपारी डबा खाल्ला की तो पडद्यासमोर बसायचा. शेडमधले माग खडखडत असायचे, आणि त्याला वाटायचं, हजारो रानरेडे नदी ओलांडून चाललेत. खिडकीबाहेरून पाण्याचा टँकर डुलत गेला की तो हत्ती व्हायचा. आवारातल्या बाभळीखाली लोळणाऱ्या कुत्र्याला आयाळ फुटायची. वारा यायचा तोही परदेशी. असं करत करत पडद्यावर तंबूंची लॉज उभी राहिली, लॉजपुढं नदी आली, नदीपलीकडे शहरातल्या उंच इमारती आल्या. मग दुसरी लॉज, दुसरं शहर. मधोमध जीप, जीपमध्ये टोपी घातलेली दोन माणसं. झाडामागं जिराफ, झाडाखाली सिंह, आणि सिंहाच्या खाली स्वतःलाच ताकीद : 'सिंह दिसलाच पाहिजे!' अगदी खालच्या काठाला, विसरू नये म्हणून, आणखी एक ओळ होती : 'शेठला सांगणे – कावीळ.'

काय करणार? शेठकडून रजा मिळवायची म्हणजे सोपं काम नव्हतं. माणूस वारला तरी शेठ विचारतील, दुपारनंतर येतोस का! त्यात शेठच्या मुलीचं, ऋतुजाचं लग्न तोंडावर आलेलं. आहेरात वाटायला तीनशे चादरी विणायच्या होत्या, मधे कलश, दोन्ही बाजूंना मोर आणि वधूवरांची नावं. ते डिझाइन तयारच होतं.

एके दुपारी माग चालवणारा गुरप्पा दारात आला. "सायेब, मोराचं डिझाइन द्या की. माग थांबल्यात."

प्रदीप त्या वेळी नदीकाठी होता. ऊन कलत होतं. शुभदानं त्याची बाही घट्ट धरली होती आणि ती कानात कुजबुजत होती, "अहो, हळू! तो बघा, उठला!" अशा वेळी कुणाला मोर सुचतो? पडद्यावर जे उघडं होतं ते त्यानं पेनड्राइव्हमध्ये घातलं, पेनड्राइव्ह गुरप्पाच्या हातात दिला आणि पुन्हा सिंहाकडे वळला. दुसऱ्या दिवशी तो मेव्हण्याच्या वास्तुशांतीसाठी सांगोल्याला गेला आणि तीन दिवसांनी परतला, तोच शेठचा फोन!

"सर्वगोड, हायस तसा ये!"

प्रदीप धापा टाकत ऑफिसात पोचला. तिथं शेठ उभे, कोपऱ्यात गुरप्पा उभा, आणि खुर्चीत नवरदेवाचे वडील ईश्वरप्पा. आहेर कसा झालाय ते बघायला व्याही मुद्दाम अक्कलकोटहून आले होते. टेबलावर चादरींचा गठ्ठा फोडलेला. वरच्या चादरीवर सिंह ऐसपैस लोळत होता.

"लग्नाच्या आहेरात वाघ?" शेठ ओरडले.

"सिंह आहे, शेठ," प्रदीप पुटपुटला.

"मग तर काय, आनंदच की! आणि गुरप्पा, तुला डोळे न्हाईत? तीनशेच्या तीनशे विणल्यास?"

"मला वाटलं, मोठ्या लोकांचं लगीन हाय, असंल काय तरी नवीन," गुरप्पा म्हणाला. "मोर काय, समदेच देत्यात."

ईश्वरप्पांनी चष्मा पुसला, चादर टेबलभर पसरली आणि सावकाश वाचायला घेतली. लॉज बघितली, नदी बघितली, इमारती मोजल्या. प्रदीप मनात एकेक गोष्ट खोडू लागला. नोकरी जाणार! रजा राहिली, आफ्रिका राहिली, गच्चीवरची बॅग पुन्हा माळ्यावर जाणार, आणि शुभदा काही बोलणार नाही. तिचं ते न बोलणंच त्याला नको होतं.

ईश्वरप्पांचं बोट जीपवर येऊन थांबलं. "हे दोघं... आमचा पोरगा आणि तुमची पोरगी व्हय?"

शेठनी प्रदीपकडे पाहिलं. प्रदीपनं छताकडे पाहिलं.

"व्हय की!" शेठ म्हणाले.

"हनिमूनला चालल्यात! लई झकास ओ व्याही! मोराच्या चादरी घरात ढिगानं पडल्यात. असली कुणी दिली न्हाई बघा." बोट खाली सरकलं. "पण ही कावीळ कुणाला झालीया?"

शेठनी ती ओळ एकदा वाचली, पुन्हा एकदा वाचली, आणि अगदी प्रेमानं विचारलं, "तुला का रे, प्रदीप?"

"अजून नाही, शेठ."

काठ दुमडून शिवायला सांगितला गेला, तीनशेच्या तीनशे चादरींचा. कावीळ शिलाईच्या आत गेली आणि प्रदीपची नोकरी वाचली. एक चादर शिलाईत जरा वाकडी झाली, ती घेऊन तो घरी आला आणि झालं ते सगळं सांगून टाकलं.

शुभदानं चादर दिवाणावर अंथरली. "ही जीपमधली बारकी कोण?"

"तूच की!"

"मी अशी कधी होते?"

"त्या बाजूला धागे कमी पडले गं."

"आणि तुमच्या पोटाला बरे पुरले!" ती हसली. मग सिंहाखालची ओळ तिनं वाचली. बराच वेळ त्या अक्षरांवरून बोट फिरवत राहिली. "अहो, तुम्ही खरंच नेणार होतात," ती हळूच म्हणाली. प्रदीपला वाटलं, बास, आता काहीही झालं तरी जायचंच!

लग्न झालं, चादरी वाटल्या गेल्या, आणि आठवड्याभरात कारखान्यातला फोन खाली ठेवता येईना. सगळ्यांना सिंहवाली चादर पाहिजे! तेव्हा प्रदीपनं छाती पुढं काढली आणि सरळ खरं कारण सांगून रजा मागितली.

"आत्ता?" शेठ म्हणाले. "अरे, कुणी हत्ती मागतंय, कुणी झेब्रा मागतंय. तू गेलास तर काढणार कोण?"

"आणि कावीळ झाली तर?"

"तर कॉम्प्युटर घरी पाठवतो."

वर आणखी एक गंमत झाली. शेठच्या बायकोनं ती चादर रोज बघून बघून हट्टच धरला, मला हितंच जायचंय! शेठना वेळ नाही, आणि बाईंना एकटीनं जायचं नाही. "सर्वगोडबाईंना सोबत पाठवा," शेठ म्हणाले. "खर्च माझा. तुझ्या डिझाइनचं बक्षीस समज." प्रदीप नाही म्हणणार होता. पण घरी निरोप आधीच पोचला होता, बॅग दारातच उभी होती. शुभदा म्हणाली, "तुम्ही नसाल तर मीही जात नाही," आणि असं म्हणताना तिचा एक हात बॅगेवरच होता. "जा गं," प्रदीप म्हणाला. "कुणीतरी बघायलाच पाहिजे."

आणि गेली! चादर बरोबर घेऊन, चादरीवर जसं होतं अगदी तसंच, जंगल, शहर, जंगल, शहर. एका दुपारी, माग खडखडत असताना, तिचा फोन आला. "अहो, दिसला! समोर बसलाय! अहो, तुमच्या सिंहासारखाच लोळतोय!" प्रदीप फोन कानाला लावून खिडकीशी गेला. खिडकीबाहेर बाभळीखाली कुत्रं झोपलं होतं, आणि तेही त्याला त्या वेळी फार देखणं वाटलं.

"आणि ऐका," शुभदा म्हणाली, "जिराफाला दोन शिंगं असतात. चादरीत नाहीत. तेवढं दुरुस्त करा."

त्यानं दुरुस्त केलं. नवं डिझाइन केलं, जिराफाला शिंगं घातली, शुभदाच्या वाट्याला पुरेसे धागे दिले, शेजारी शेठाणीबाई बसवल्या. फाइल चारदा तपासली आणि मगच पेनड्राइव्ह गुरप्पाच्या हातात ठेवला.

गुरप्पानं या खेपेला आधी पडद्याकडे निरखून पाहिलं. "सायेब, ह्या दोघी कळल्या. पण मागं बॅगांच्या मधी टोपीवाला कोण बसलाय?"

प्रदीपनं डब्याचं झाकण लावलं.

"हमाल आहे," तो म्हणाला.