न भिजणारा साबुदाणा

शिवपुत्र बिराजदार यांनी घरात पिस्तूल आणायचं ठरवलं, ते एका 'अहो'मुळे.

झालं असं. जुळे सोलापुरातल्या त्यांच्या कॉलनीत गंगम्मा वळसंगे एका सकाळी फिरून परत येत होत्या. मागून मोटारसायकलवर दोघं आले, मागच्यानं हात घातला आणि गंगम्मांच्या गळ्यातली बोरमाळ गेली. हे घडलं नेमकं शिवपुत्र यांच्या गेटसमोर. ते व्हरांड्यात पेपर वाचत बसले होते. ताडकन उठले, गेटपर्यंत धावले, छाती भरून श्वास घेतला आणि त्यांच्या तोंडून शब्द फुटला, "अहो..."

चोराला अहो. (पुढं "जरा थांबता का" असंही म्हणायचं मनात होतं, पण तोवर मोटारसायकल कोपऱ्यावरून वळली होती.)

गंगम्मांनी दुःखातसुद्धा ही गोष्ट कॉलनीभर सांगितली. शिवपुत्र यांची बायको भुवनेश्वरी एवढंच म्हणाली, "चहा घेऊन जा म्हणायचं राहिलं तुमचं."

हे फार लागलं त्यांना. शिवपुत्र काही ऐरागैरा माणूस नव्हता. चिंचोळी एमआयडीसीतल्या एका सूत कारखान्याचं स्टोअर त्यांच्या ताब्यात होतं. कुठला बोल्ट किती एमएमचा, कुठला बेअरिंग किती वजनाचा, हे ते डोळे मिटून सांगत. अशा माणसानं चोराला अहोजाहो करावं, हे त्यांना स्वतःलाच पटेना. त्यांनी मोबाइल उघडला, दोन रात्री व्हिडिओ बघितले आणि एक एअरसॉफ्ट पिस्तूल मागवलं.

हे पिस्तूल खरं नसतं. स्प्रिंगवर चालतं आणि प्लॅस्टिकच्या पांढऱ्या गोळ्या उडवतं. पण दिसतं असं की, कुरिअरवाल्यासमोर खोकं उघडलं तेव्हा तो सही न घेताच निघाला होता. नळीच्या टोकाला नारिंगी रंग होता, तो दाखवून शिवपुत्र यांनी त्याला परत बोलावलं.

संध्याकाळी त्यांनी भुवनेश्वरीला सोफ्यावर बसवलं आणि सुरक्षेचे नियम समजावून सांगायला सुरुवात केली. शिवपुत्र यांचं एक होतं, कुठलंही काम करायचं तर नियमानं.

"पहिला नियम. डोळ्यांना गॉगल. गोळी डोळ्याला लागली तर डोळा जातो. आपणच नाही, समोर जो कुणी असेल त्यालाही गॉगल पाहिजे."

"म्हणजे चोरालाही?"

शिवपुत्र यांनी गॉगलची काच पुसली. "नियम सगळ्यांना सारखा."

"मग चोरासाठी एक जास्तीचा आणलाय का?"

"आणलाय," शिवपुत्र म्हणाले.

भुवनेश्वरीनं पदर तोंडाला लावला. शिवपुत्र पुढं गेले. "नेम धरेपर्यंत बोट ट्रिगरवर ठेवायचं नाही. पिस्तूल कायम भरलेलंच आहे असं समजायचं. आणि कधीही, कुठल्याही परिस्थितीत, माणसावर रोखायचं नाही."

"आणि चोरावर?"

"चोरही माणूसच असतो, भुवना."

"बरं."

"आणखी एक. हे घराबाहेर न्यायचं नाही. लोकांना खरं वाटतं, पळापळ होते, मग पोलिसांना समजावत बसा."

भुवनेश्वरीनं सगळं ऐकून घेतलं. मग म्हणाली, "म्हणजे चोर आपण होऊन घरात आला, त्यानं गॉगल घातला आणि तो माणूस नसला, तर हे चालवायचं."

"तू प्रत्येक गोष्टीची चेष्टा करतेस," शिवपुत्र म्हणाले. पण ते डगमगले नाहीत. रोज कारखान्यातून आल्यावर गॉगल घालून, घरातल्याच बोळात सोलापुरी चादर टांगून, तिच्यापुढं रिकामी खोकी मांडून ते सराव करू लागले. चादर फार कामाची निघाली. गोळी तिच्यात रुतायची आणि खाली पडायची. खोक्यांना काही झालं नाही, पण नेमाचं नंतर बघता येईल, असं शिवपुत्र यांचं मत होतं.

आता राहिला एकच नियम, आणि सगळी गोष्ट त्यावरच आहे. पिस्तूल आणि गोळ्या एका जागी ठेवायच्या नाहीत. पिस्तूल त्यांनी कपाटावरच्या बॅगेत कुलपात टाकलं. गोळ्यांची पिशवी फाटली होती, म्हणून त्या एका स्टीलच्या डब्यात ओतल्या आणि डबा स्वयंपाकघरात, वरच्या फळीवर, कुरडयांच्या मागं सरकवला.

"कुठं ठेवल्यात गोळ्या?" भुवनेश्वरीनं विचारलं.

"ते मला एकट्यालाच माहीत असलेलं बरं."

"डब्यावर नाव तरी घाला."

"आणि चोराला वाचता येत असलं तर?"



श्रावण लागला आणि दुधनीहून शिवपुत्र यांच्या सासूबाई, कमलम्मा, लेकीकडं आल्या. वय झालेलं, पण आवाज असा की दुधनीच्या बाजारात हाक मारली तर तिकडं कर्नाटकात माणूस वळून बघेल. श्रावणी सोमवार त्या कडक पाळत. रविवारी संध्याकाळी लेकीचं काम हलकं करावं म्हणून त्यांनी स्वतःच साबुदाणा भिजत घालायला घेतला. भुवनेश्वरीनं नुकताच कोपऱ्यावरच्या संगमेशच्या दुकानातून साबुदाणा आणला होता. तो खाली कट्ट्यावरच होता, पण पुडीत. कमलम्मांना पुडी दिसली नाही. त्यांनी डबे हुडकले आणि कुरडयांच्या मागं त्यांना तो डबा सापडला.

पांढरे, गोल, टपोरे दाणे. "पोरगी माल मात्र चांगला आणती," असं म्हणत त्यांनी सगळा डबा पातेल्यात रिकामा केला, वर पाणी घातलं, ताटली झाकली. रात्री शिवपुत्र पाणी प्यायला आले. त्यांनी झाकलेलं पातेलं बघितलं आणि म्हणाले, "वा, उद्या खिचडी वाटतं."

"व्हय," कमलम्मा म्हणाल्या. "तुमाला आवडती न्हवं?"

सकाळी शिवपुत्र सोमवारची रजा टाकून, मोबाइल घरीच ठेवून, सिद्धेश्वराच्या दर्शनाला गेले. इकडं कमलम्मांनी ताटली काढली. दाणा दाबून बघितला. दबेना. थोडं गरम पाणी घातलं, वाट बघितली, पुन्हा दाबला. तसाच. एक उचलून फरशीवर टाकला, तर तो टणकन उडाला आणि थेट फ्रिजखाली गेला.

"येन्री इदु?" कमलम्मा म्हणाल्या. (काय हे, असं कानडीत त्या फक्त रागातच म्हणत.) "रातभर भिजला, तरी दगड. भुवना, ह्यो साबुदाणा कुटनं आणला?"

"संगमेशकडून," भुवनेश्वरी अंघोळीला जाता जाता म्हणाली. तिचंही खरंच होतं.

ती अंघोळ करून बाहेर आली, तेव्हा आईही घरात नव्हती आणि पातेलंही.

शिवपुत्र कपाळाला विभूती लावून प्रसन्न मनानं परतले, तर संगमेशच्या दुकानापुढं गर्दी. मध्ये कमलम्मा, हातात पातेलं. शेजारी गंगम्मा, मोबाइल उगारून व्हिडिओ काढत होत्या. त्यांचा पहिला व्हिडिओ आधीच कॉलनीच्या ग्रुपवर गेला होता, तिथून बाजूच्या दोन कॉलन्यांच्या ग्रुपवर. खाली लिहिलं होतं, 'सावधान, प्लॅस्टिकचा साबुदाणा.' लोक घरातून पिशव्या घेऊन येत होते. कुणी तांदूळ परत देत होतं, कुणी शेंगदाणे. एका बाईंनी तर साबण परत आणला होता.

कॉलनीचे अध्यक्ष श्रीमंत साखरे गाल धरून पायरीवर बसले होते. तपासणी म्हणून त्यांनी एक दाणा चावला होता आणि दाढेची कॅप हातात आली होती.

आणि संगमेश. चांगला पोरगा. वडील गेल्यावर त्यानं दुकान नेटानं उभं केलं होतं, कुणाला शिळा माल दिल्याचं ऐकिवात नव्हतं. तो काउंटरमागं उभा राहून पुन्हा पुन्हा सांगत होता, "आज्जी, सिद्धेश्वराची शपथ, हा माझा माल न्हाई." पण त्याचा आवाज बसला होता, आणि एक हात शटरच्या काठीवर गेला होता.

शिवपुत्र यांनी पातेल्यात डोकावून बघितलं.

ओळखायला त्यांना क्षणही लागला नाही. पहिला विचार आला, गप्प बसावं. व्हिडिओ जुना होईल, लोक विसरतील. मग त्यांनी संगमेशकडं बघितलं. तो शटर ओढायला वळला होता, आणि पाठमोरा झाल्यावर शर्टाच्या बाहीनं डोळे पुसत होता. शिवपुत्र यांच्याच्यानं ते बघवेना. पण सगळ्या कॉलनीसमोर, सासूबाईंसमोर, आपण होऊन कबूल करणंही अवघड. तेव्हा त्यांनी मधला मार्ग काढला. संगमेशला सोडवायचं, पण स्वतः अडकायचं नाही. स्टोअरमध्ये असे पेच त्यांनी कितीदा सोडवले होते.

ते खाकरले आणि भारदस्त आवाजात म्हणाले, "एक मिनिट. संगमेशचा यात काही दोष नाही. हा साबुदाणाच नाही."

गर्दी त्यांच्याकडं वळली. शिवपुत्र यांना जोर चढला. त्यांनी एक दाणा चिमटीत धरून उन्हात फिरवला.

"नीट बघा. साबुदाण्यात दाणे लहानमोठे असतात. हे सगळे एका मापाचे आहेत. बरोबर सहा एमएम. वजन प्रत्येकी पॉइंट वीस ग्रॅम. कुठं जोड नाही, बुडबुडा नाही. इतका चांगला माल किराणा दुकानात मिळतच नाही."

"मग कुठं मिळतो?" मागून भुवनेश्वरीनं विचारलं. ओल्या केसांना टॉवेल गुंडाळून ती कधी येऊन उभी राहिली होती, शिवपुत्र यांना कळलंच नव्हतं. तिचा आवाज अगदी शांत होता, आणि लग्नाला इतकी वर्षं झाल्यावर त्या शांतपणाचा अर्थ त्यांना बरोबर कळत होता.

"ऑनलाइन," शिवपुत्र म्हणाले.

"डबा कुठं ठेवला होता?"

"कुरडयांच्या मागं."

मग श्रीमंत साखऱ्यांनी गालावरचा हात काढून विचारलं, "बिराजदार, पण हे हाय काय?"

"पिस्तुलाच्या गोळ्या," शिवपुत्र म्हणाले.

एवढ्या दोन शब्दांवर निम्मी गर्दी मागं सरकली आणि साबणवाल्या बाई घराकडं पळाल्या. मग नारिंगी टोक, स्प्रिंग, गॉगल, चादर, असं सगळं पहिल्यापासून सांगावं लागलं. सांगताना शिवपुत्र यांना जाणवलं की, ही गोष्ट मनात जितकी भारदस्त वाटत होती तितकी ती मोठ्यानं सांगताना वाटत नाही.

सगळं ऐकून कमलम्मांनी पातेलं खाली ठेवलं आणि त्या आधी संगमेशकडं वळल्या. "पोरा, माझं चुकलं. मनात धरू नको." मग जावयाकडं बघून म्हणाल्या, "ह्या मी तुमाला वाढणार हुते. वर दाण्याचं कूट घालून."

संगमेशला काय भरपाई पाहिजे, असं विचारलं तर तो म्हणाला, "काही नको. काकांनी आत्ता सांगितलं तेच व्हिडिओत सांगावं." गंगम्मांनी मोबाइल तयारच ठेवला होता. शिवपुत्र यांनी दुकानापुढं उभं राहून सगळं कबूल केलं, वर संगमेशचा खरा साबुदाणा विकत घेऊन दाखवला. दुपारपर्यंत तांदूळ, शेंगदाणे आणि साबण आपापल्या घरी परत गेले. खिचडी झाली. शिवपुत्र यांनी प्रत्येक घास आधी चमच्यानं दाबून बघितला.

पिस्तूल बॅगेतच राहिलं आणि बॅगेची किल्ली भुवनेश्वरीच्या कमरेला गेली. ती म्हणाली, "चोर बोरमाळ ओढतो तेव्हा बायकांच्या हातात असतं काय? हातच की. मग हातांचंच काही तरी शिकू."

तिनं वैजयंती मॅडमना गाठलं. त्या एका शाळेत पीटी शिकवत. दर रविवारी सकाळी मोकळ्या प्लॉटवर कॉलनीतल्या बायकांना स्वतःचा बचाव शिकवायचं ठरलं. चोर म्हणून एक पुरुष लागणार होता. गंगम्मांनी शिवपुत्र यांचं नाव सुचवलं आणि कुणी दुसरं नाव घेतलं नाही. खरं सांगायचं तर शिवपुत्र खूशच झाले. कॉलनीच्या सुरक्षेत आपला वाटा असलाच पाहिजे, असं त्यांना वाटत होतं.

"आधी गळा वापरायचा," वैजयंती मॅडमनी सांगितलं. "जोरात ओरडा. चोराला सगळ्यात जास्त भीती आवाजाची. मग मनगट धरलेलं असेल तर त्याच्या अंगठ्याच्या बाजूनं झटका द्या. पकड तिथंच ढिली असते. सुटलात की पळा. माळ गेली तर गेली, जीव सांभाळा."

पहिल्यांदा गंगम्मा. शिवपुत्र दबक्या पावलांनी मागून आले, हात लांब केला आणि म्हणाले, "माफ करा हं."

"सर, चोर माफी मागत नाही," मॅडम म्हणाल्या.

पुन्हा केलं. या वेळी गंगम्मांनी असा झटका दिला की शिवपुत्र यांचं घड्याळ सुटून गवतात गेलं. भुवनेश्वरीनं झटका दिला, तेव्हा घड्याळापाठोपाठ शिवपुत्रही गवतात गेले. मग कमलम्मांची पाळी आली. त्या वळल्या आणि एकच शब्द ओरडल्या. शिवपुत्र जागच्या जागी खाली बसले.

"मी हात लावलाच न्हाय त्यास्नी," कमलम्मा मॅडमना म्हणाल्या.

पुढच्या रविवारी शिवपुत्र लवकर उठले, व्हरांड्यात जोर काढले आणि नवीन टी-शर्ट घालून प्लॉटवर पोचले. तिथं लिंबाच्या झाडाला एक गादी गुंडाळून दोरीनं बांधलेली होती. गादीला त्यांचाच जुना शर्ट घातला होता. बायका ओळीनं येऊन तिला झटके देत होत्या.

"हे काय?" त्यांनी भुवनेश्वरीला विचारलं.

"मॅडम म्हणाल्या, सराव नीट व्हायला समोरचा जरा तरी टिकायला पाहिजे."

"मग मी काय करू?"

"आपल्याच पलंगावरची गादी आहे. क्लास झाला की घरी घेऊन या."

क्लास झाल्यावर शिवपुत्र यांनी गादी सोडली, डोक्यावर घेतली आणि ते घराकडं निघाले. मागून गंगम्मा आल्या, गादीवरून मायेनं हात फिरवला आणि म्हणाल्या, "जरा सावकाश न्या हो. लई मार खाल्लाय बिचारीनं."