तांडेलचे गुडघे आणि माझे

बाळांनो, जरा डोळे मिटा. आपले गुडघे गंजलेल्या बिजागरीसारखे करकरताहेत, अशी कल्पना करा. करकरले? आता शेजारच्या कुत्र्याचेही तसेच करकरताहेत, असं समजा. झालं! आमच्या तोंडवली गावातलं माझं आणि तांडेलचं दुखणं तुम्हाला कळलं.

तांडेल हा आमच्या शेजारच्या गुरुदासचा कुत्रा. आंब्याच्या बागेतून माकडं हाकलणं ही त्याची नोकरी. यंदा आंबा तयार होत आला आणि नेमका तांडेल लंगडायला लागला! गुरुदास रडकुंडीला आला.

"काळजी करू नकोस," मी छाती फुगवून म्हणालो. "आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलंय. कुत्रा सस्तन, मी सस्तन. जसा त्याचा सांधा, तसा माझा. एकच औषध दोघांना लागू पडणार!"

"आजोबा, मग तुझी शेपटी खंय आसा?" माझ्या नातीनं, तन्वीनं विचारलं.

हुशार विद्यार्थ्यांकडे कधी कधी दुर्लक्ष करावं लागतं.

मी मोरी माशाचं, म्हणजे शार्कचं, तेल आणलं, त्यात निर्गुडीचा पाला घालून कढवलं. वास असा सुटला, की रस्त्यावरचे पर्यटक नाक दाबून पुढे आणि गावातली मांजरं शेपट्या उभारून आत!

"अहो, ह्या तेल होडयेक लावतत!" तन्वीची आजी सुगंधा ओरडली. "तुमका समुद्रात लोटूचा आसा काय?"

मी कसला ऐकतोय! आधी तांडेलला चोळलं, मग स्वतःला.

तांडेलनं आपलं औषध लगेच चाटून टाकलं. मग माझं! दुसऱ्या सकाळी तो बाग सोडून चक्क धावत माझ्याकडे आला.

"बघितलंत? गुण आला!" मी ओरडलो.

तांडेल माझ्या गुडघ्यांना खेटून बसला आणि मांजरांवर गुरगुरला. पोस्टमनवर गुरगुरला. चहा घेऊन येणाऱ्या सुगंधावरही गुरगुरला! चहा आल्या पावली परत गेला.

तिकडे बागेत माकडांची पंगत बसली.

"मास्तरानू!" गुरुदास कुंपणावरून कळवळला. "वांदर माझे आंबे खातत, आणि माझो कुत्रो तुमच्या ढोपरांक पहारो देता! आंबो गेलो तर वर्षभर मी काय खाव? तुमचा तेल?"

मी गुडघे साबणानं खसाखसा घासले. वास हटेना. गुरुदासनं तांडेलला ओढत नेऊन बांधलं. तो साखळीसकट परत हजर!

तन्वी ओसरीवरून हे सगळं बघत होती. ती उठली. ओसरीवरची खुर्ची उचलून तिनं बागेत नेली, आंब्यांनी लगडलेल्या कलमाखाली ठेवली आणि माझा हात धरून मला त्या खुर्चीत बसवलं. तांडेल मागोमाग आलाच. त्यानं वर बघितलं, आणि असा भुंकला की माकडं कुंपणापार!

"आंबे उतरीपर्यंत हयच बस हां," तन्वी मला म्हणाली. "खंय जाव नको!"

मग तिनं एक बिस्कीट मोडलं. अर्धं तांडेलला दिलं, अर्धं मला. आणि दोघांच्याही डोक्यावरून हात फिरवला.