परदेशी गेलेला वॉकर

दान करणे सोपे असते. केलेले दान सध्या कुठे आहे हे सांगणे अवघड. हेझन मॅकॉलमला हे ज्ञान थोरल्या मुलीला जुळे झाले त्या वर्षी, म्हणजे २०१० साली झाले.

कॅनडाच्या न्यू ब्रन्सविक प्रांतातल्या त्याच्या गावची धर्मादाय संस्था म्हाताऱ्या माणसांना कुबड्या, वॉकर वगैरे वापरायला देई. हेझन तिचा चिटणीस. ब्यूला स्प्रेग, वय शहाऐंशी, पुलापलीकडे राहायची. पूल दोनशे पावलांचा, पण पलीकडे अमेरिका. मांडीचे हाड मोडल्यापासून ती खाटेला खिळली होती. चालायला लागली नाही, तर मुलगा तिला वृद्धाश्रमात ठेवणार होता.

ऑक्टोबरात हेझनने तिला वॉकर नेऊन दिला आणि संस्थेचे 'परदेशातील कार्य' सुरू झाले. करखात्याच्या वार्षिक विवरणपत्रात त्याची वेगळी पुरवणी असते. नियम अत्यंत योग्य आहे. वस्तू परदेशात असली तरी तिच्यावर संस्थेचे निर्देशन व नियंत्रण हवे, आणि ते कागदावर दिसायला हवे. (वॉकर पळून जाण्याचा संभव कमी होता. ब्यूलाचा तर नव्हताच.)

म्हणून दर महिन्याच्या पहिल्या मंगळवारी हेझन नियंत्रण करायला जाई. पुलावरचा अधिकारी विचारी, "काय काम काढलंत?"

"वॉकरची विचारपूस."

"बरा आहे ना?"

"गेल्या महिन्यात स्वयंपाकघरापर्यंत जाऊन आला."

ब्यूला काकवीची बिस्किटे मांडून बसलेली असे. "या नियंत्रकसाहेब! चहा गार झाला."

"मावशी, आधी चालून दाखव. लिहायचंय मला."

"आणि ते सगळ्या जगाला दिसणार म्हणतोस? मग वय सत्तर लाव."

विवरणपत्र कोणालाही पाहायला खुले असते. पारदर्शकता म्हणतात ती हीच. (आजवर पाहणारे : एक. तो हेझन. शुद्धलेखन तपासत होता.)

एकूण भेटी सोळा, अहवाल सोळा, बिस्किटे त्र्याण्णव. ब्यूला अंगणातल्या टपालपेटीपर्यंत जाऊ लागली. वृद्धाश्रमाचे नाव पुन्हा निघाले नाही. मुलगा आठ मैलांवर राहायचा. तेवढ्या काळात तो दोनदा आला. त्याला दोष देता येत नाही. त्याची आई त्याच्याच देशात होती, तिच्यासाठी पुरवणी भरायची नव्हती. तुम्हाआम्हालाही भरावी लागत नाही. आपण नियमाने चालणारी माणसे.

ब्यूला स्प्रेग ९ फेब्रुवारी २०१२ रोजी, गुरुवारी, आपल्याच घरात वारली.