साळूबाईंचा रसाळ बर्गर

एका जंगलात, मुलांनो, एक सायाळ रात्रभर टक्क जागी होती. तिचं नाव साळू.

जंगलात कुणाला वाघाची काळजी असते, कुणाला वणव्याची. साळूला टिक्कीची काळजी होती. उद्या रविवार. उद्या तिच्या परसात बर्गरची पंगत. आणि टिक्की कोरडी झाली तर?

"अहो, झोपलात?" तिने नवऱ्याला विचारलं.

"हो," काटेराव म्हणाले.

"टिक्की कोरडी झाली तर?"

"चटणी लावू."

एवढं बोलून ते घोरायला लागले. नवऱ्यांना हे कसं जमतं, ते तुम्हाला मोठेपणी कळेल. मुलींना जरा आधी कळेल.

आता तुम्ही म्हणाल, एका टिक्कीसाठी एवढं काय? तर ऐका. साळूला एक लेक होती, सुई नावाची. सुई वडाखालच्या शाळेत जायची. शाळेत तिच्याशेजारी कुणी बसायचं नाही. तिच्याबद्दल कुणाची तक्रार नव्हती हं. सगळी चांगल्या घरची पोरं. ती नुसतीच जरा सरकून बसायची. सुई सरकली की आणखी जरा सरकायची.

गेल्या महिन्यात मुंगसांच्या नकुलाताईंनी परसात बर्गरची पंगत घातली. काय तो बर्गर! चावा घेतला की रस मनगटावर, मनगटावरून थेट कोपरापर्यंत. दुसऱ्या दिवसापासून नकुलाताईंचा मुलगा वर्गात मधोमध बसायला लागला. जंगलाने मापच ठरवून टाकलं. रस मनगटापर्यंत आला तर आई बरी. कोपरापर्यंत आला तर आई आदर्श.

साळूने आपल्या कोपराकडे पाहिलं. मग सुईशेजारच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. आणि सगळ्या जंगलाला आमंत्रण देऊन बसली.

त्या जंगलात एकमेकांना खायची बंदी होती. निदान जेवायला बोलावून तरी कुणी खात नसे. त्यामुळे टिक्की सुरणाची आणि अळंबीची.

साळू शिकलेली होती. शिकलेली बाई आधी क्लास लावते, मग चूल. तिने घुबडगुरुजींचा 'रसाळ बर्गर, रसाळ संसार' हा क्लास लावला. घुबडगुरुजींनी जन्मात चूल पेटवली नव्हती. पण डोळे मोठे होते, त्यामुळे सगळं माहीत असल्यासारखं वाटायचं.

"मिश्रण कणकेसारखं मळू नका," गुरुजी म्हणाले. "हलक्या हाताने गोळा करा. आत गार लोण्याचा खडा ठेवा. अंगठ्याने मधोमध खळगा करा, म्हणजे टिक्की फुगत नाही. एकदाच उलटा. उलथन्याने दाबू नका. आणि काही झालं तरी टोचू नका. टिक्कीवर विश्वास ठेवा."

"आणि मुलांवर?" साळूने हळूच विचारलं.

"तो क्लास वेगळा," गुरुजी म्हणाले.

रविवार उजाडला. परसात चूल मांडली, की जंगलातले सगळे नवरे आचारी होतात. काटेरावांनी सुपाने चार वेळा वारा घातला आणि येणाऱ्या प्रत्येकाला सांगितलं, "आज सगळं मीच करतोय."

नकुलाताई आल्या. अस्वलकाका आपल्या गब्दुलला घेऊन आले. सशांची पोरं आली, माकडांची आली. पंगत बसली. सुई टोकाला बसली. तिच्याशेजारची दोन पानं रिकामीच राहिली.

साळूने ती दोन पानं पाहिली आणि टिक्क्या जाळीवर टाकल्या.

सगळं अगदी क्लासमध्ये सांगितल्यासारखं झालं. खाली निखारे लाल, वर टिक्क्या खरपूस. एकदाच उलटल्या. लोण्याचा असा वास सुटला की अस्वलकाकांनी पाठीचा कणा सरळ केला.

"वा!" नकुलाताई म्हणाल्या. "दिसायला तर छान दिसतायत."

हे 'तर' साळूला लागलं. आणि नेमकं तेव्हाच तिच्या मनात आलं: सुरण आतून कच्चा राहिला असला तर?

सुरण फार खवचट, मुलांनो. जरा कच्चा राहिला की घसा खाजवतो. नकुलाताईंच्या पंगतीनंतर सुई दोन दिवस घसा खाजवत होती. साळूला वाटलं होतं, आपल्याच पोरीचा घसा नाजूक. आपलंच काहीतरी चुकत असणार. आता सगळ्या जंगलाचे घसे खाजले, तर सुईशेजारी कोण बसेल?

सायाळांच्या घरात पिढ्यान्‌पिढ्या एकच रीत. बटाटा उकडला का? काटा टोचून बघ. ढोकळा झाला का? काटा टोचून बघ. पोरगं खरंच झोपलंय का? जरासा टोचून बघ.

साळूने पाठीवरचा एक काटा उपटला.

"विश्वास ठेवायचा," ती पुटपुटली, आणि टोचला.

स्स्स! लोणी निखाऱ्यांवर सांडलं. टिक्की शिजली होती. पण एक शिजली म्हणजे शेजारची शिजली असं थोडंच असतं? तीही टोचली. मग तिच्या शेजारची. मग, ही मघाशी टोचली होती की नव्हती, असं वाटून पहिली परत टोचली. एक काटा टोचलेला असतानाच पुढची टिक्की खुणवायची. ती दुसरा काटा उपटायची. स्स्स, स्स्स, स्स्स. परसात धूर झाला. सगळा रस निखाऱ्यांनी प्यायला.

"धूर हवाच," काटेराव पाहुण्यांना म्हणाले. "त्यानेच चव येते."

साळूने घाईघाईने टिक्क्या पावात सारल्या आणि वाढल्या.

पंगतीने चावा घेतला. पंगत चावत राहिली. कुणाचं तोंडच मोकळं होईना.

"छान झालाय हं, साळूबाई," शेवटी नकुलाताई म्हणाल्या. "अगदी टिकाऊ. जरा पाणी मिळेल का?"

साळूने पंगतीवरून नजर फिरवली. सगळे कोपर कोरडे. मनगटंही कोरडी. अस्वलकाकांनी आशेने आपला कोपर चाटून पाहिला. काही नाही.

"एक सांगू का वहिनी?" अस्वलकाका म्हणाले. "घसा मात्र खाजला नाही. नाहीतर गेल्या महिन्यात..."

सगळे आपापल्या पानात पाहायला लागले. एका माकडिणीचा हात नकळत गळ्याकडे गेला आणि अर्ध्या वाटेतून परत आला. नकुलाताईंचं पाणी पिणं फार लांबलं.

साळूला जरा बरं वाटलं. पण तेवढ्यात गब्दुल किंचाळला.

"माझ्या बर्गरात काटा!"

खरंच. चावलेल्या पावातून एक काटा ताठ बाहेर आला होता. साळूने पाठीवर हात फिरवला. हाताला चांगलं तळव्याएवढं टक्कल लागलं. तिच्या लक्षात आलं. टोचलेले काटे काढायचेच राहिले होते.

झालं, तिने मनात म्हटलं. आता ही पोरं नुसती सरकणार नाहीत. नदीपलीकडे शाळा काढतील.

गब्दुलने काटा उपटला. उन्हात धरला. काळा, पांढरा, काळा, पांढरा. चकचकीत.

"मला काटा मिळाला!" तो ओरडला.

"मला का नाही?" सशाचं पोरगं म्हणालं.

"माझ्यात दोन आहेत, दोन!"

"ए, दाखव!"

मग पोरांनी बर्गर उचकटले. पाव इकडे, टिक्की तिकडे. ज्यांना काटा मिळाला ती तलवारी करून नाचायला लागली. नकुलाताईंच्या मुलाला मिळाला नाही. त्याने असं भोकाड पसरलं की झाडावरचे पोपट उडाले.

तेव्हा पंगतीच्या टोकाकडून एक बारीक आवाज आला.

"माझ्याकडे आहेत," सुई म्हणाली. "पाठीवर. खूप."

क्षणभर सगळी थांबली. मग सगळी धावली. त्या दोन रिकाम्या पानांवर सात जण बसले. उरलेले त्यांच्या मांडीवर बसले.

"मला लांब दे!"

"ढकलू नको रे, माकडा!"

"आई गं, टोचलं! ए, परत टोच ना!"

'हळू गं, सगळे देऊन टाकू नकोस, त्यांना लागेल, तुला लागेल,' एवढं सगळं साळूच्या ओठांवर आलं. तिने ओठ घट्ट मिटले. त्या दिवसात तिने टोचली नाही अशी ही पहिलीच गोष्ट.

नकुलाताई जवळ सरकल्या. "साळूबाई, ही काट्याची कल्पना कुठल्या क्लासची हो?"

साळूने क्षणभर विचार केला. ती शिकलेली होती.

"परदेशी पद्धत आहे," ती म्हणाली. "बर्गर सुटू नये म्हणून."

"कल्पना माझीच," काटेराव म्हणाले.

पुढच्याच आठवड्यात घुबडगुरुजींनी 'काटेरी बर्गर, एक कला' हा नवा क्लास काढला, आणि नकुलाताईंनी त्यात पहिलं नाव घातलं. पण ते पुढचं. त्या संध्याकाळी पाहुणे गेले. परसात पानं उरली. पानांवर टिक्क्या उरल्या, जशाच्या तशा. काटा मात्र एकही उरला नाही.

सुई दमून आईच्या मांडीवर आडवी झाली. तिच्या पाठीवरही आता जागोजाग टक्कल होतं. गालावर माती होती. आणि ती कधी नव्हे ती स्वतःशीच हसत होती.

शहाण्या आईने इथे गप्प बसावं. पण साळूला राहवेना.

"सुई," तिने अगदी सहज विचारल्यासारखं विचारलं, "बर्गर कसे झाले होते गं?"

सुईने जांभई दिली.

"मी खाल्लाच नाही. आई, ते सगळे पुढच्या रविवारी परत येणार आहेत. गब्दुलने तुला निरोप दिलाय. म्हणाला, आईला सांग, उगीच स्वयंपाक करत बसू नकोस. नुसती काळजी कर."

तात्पर्य: काळजी करणाऱ्या आईच्या हातचा बर्गर कोरडाच होतो. म्हणून शहाण्या आईने काळजी सोडू नये. बर्गर सोडावा.