शांतवनकाकांची झील

शांतवनकाका एकटेच समूहगान करत. मुख्य ओळ खुर्चीवर बसून म्हणायची, मग टुणकन उठून समोरच्या भिंतीशी जायचं आणि तिथून झील, म्हणजे साथीदारांनी मागून म्हणायची ओळ, धरायची. पुन्हा खुर्ची, पुन्हा भिंत. नाताळ जवळ आला की महिनाभर हा उद्योग चाले. बसवनगुडीतल्या आमच्या वठारात एका अंगणाभोवती आठ घरं होती. काकांची आणि आमची भिंत एकच, त्यामुळे गाणं आणि चपलांची फटफट दोन्ही ऐकू येई. घरात केबल आली होती. आम्ही टीव्हीचा आवाज वाढवायचो.

काका मूळचे नगरकडचे. कारखान्यात फिटर म्हणून बंगळूरला आले आणि इथलेच झाले. बायको गेलेली, मूलबाळ नाही. मराठी बोलायला आमचं एकच घर. आम्ही पिढ्यान् पिढ्या इथलेच, पण आमच्या कानडी मिसळलेल्या बोलीला मराठी म्हणण्याचा मोठेपणा त्यांच्याकडे होता.

देवाला ते ‘बाप’ म्हणत आणि त्याच्याकडे वाट्टेल ते मागत. वीज गेली की अंगणात उभे राहून वीज मागत. आली तर “बघा, दिली!” म्हणून लहान मुलासारख्या टाळ्या पिटत. नाही आली तर, “बाप कामात असंल. मी कुठं घाईत हाय?” माझी स्कूटर आठव्या किकला सुरू झाली तरी श्रेय बापालाच. माझ्या पायाचं कुणी नावही काढत नसे.

चर्चमध्ये ते शेवटच्या बाकावर बसत; तिथलं सगळं घरी येऊन आम्हाला सांगत. प्रवचन कानडीत, त्यामुळे निम्मंच कळे. “पुढं बसा की,” मी एकदा म्हटलं.

“कळतंय तेवढंच पाळाया होईना,” काका म्हणाले, “आणखी कळून काय करू?”

नाताळच्या आदल्या दिवशी चर्चची गाणारी मंडळी घरोघर जात. घरं फार, वेळ थोडा. यादी वाचली जाऊ लागली की काका उभे राहून सांगत, “माझं नाव काढा. अंथरुणावर पडल्यात त्यांच्याकडं आधी जावा.” आणि घरी येऊन डबाभर करंज्या तळत.

“कुणासाठी?” मी विचारलं.

“मंडळी आली तर?”

“नाव तर तुम्हीच काढलंत!”

“यादीतनं काढलं. बापाला सांगून ठेवलंय की.”

मंडळी कधी आली नाहीत. सव्वीस तारखेला करंज्या वठारात वाटल्या जात. त्यांच्या खुसखुशीतपणाची आम्ही तारीफ करायचो आणि विषय संपायचा.

एका वर्षी काकांचे गुडघे धरले. नाताळच्या आदल्या संध्याकाळी पलीकडून ओळ ऐकू आली आणि मग काहीच नाही. झिलेपुरती जागा रिकामी सोडून पुढची ओळ. पुन्हा तशीच जागा.

आई अवरेकाळूच्या शेंगा सोलत होती. तिचे हात थांबले. “स्वल्प ते टीव्ही बंद कर रे,” ती म्हणाली. पुढची ओळ संपली तशी तिने भिंतीकडे तोंड करून खणखणीत झील धरली. इतकी वर्षं टीव्हीआडून ऐकून आम्हा सगळ्यांनाच ती पाठ झाली होती. मला फार लाज वाटली.

पलीकडे गाणं थांबलं. आम्ही तिघं, आई, बायको आणि मी, तसेच गात त्यांच्या दारात गेलो. दार उघडंच होतं. टेबलावर करंज्यांचा डबा, शेजारी पुसून ठेवलेले अकरा कप. कपांवर फडकं पांघरलेलं होतं.

काका खुर्चीवरूनच आमच्याकडे वळले. “अक्का,” आईला म्हणाले, “मंडळी ती तुम्हीच व्हय?”

मग मान वर करून, शेजारच्या खोलीतल्या माणसाला सांगावं तसं त्यांनी सांगितलं, “बापा, आली बरं का. चौदा वरसं लागली, पन आली. मी कुठं घाईत होतो?”

आणि डोळे पुसून त्यांनी पहिली ओळ धरली. बसूनच.