घाबरू नका, तुमच्या मिसेस सापडल्यात

मोर्चा सोमवारी होता आणि रंगनाथराव साळव्यांची पिशवी गुरुवारीच भरून तयार होती. मोर्चाला ते स्वतः जाणार नव्हते. जाणार होत्या त्यांच्या पत्नी भागिरथीबाई. नेवाशाच्या अंगणवाडीत एकतीस वर्षं पोरांकडून 'ये रे ये रे पावसा' म्हणून घेतल्यावर, निवृत्तीला आठ महिने उरले असताना, त्या पेन्शनच्या मागणीसाठी आयुष्यातल्या पहिल्या मोर्चाला नगरला निघाल्या होत्या.

"अहो, हे काय?" सकाळी पिशवी उचलून बघताना त्या एका बाजूला कलंडल्या. "एक दिवस चाललेय मी. बाळंतपनाला न्हाई."

"दोन बाटल्या पाणी, मीठ-साखरेच्या पुड्या, गूळ-शेंगदाणे, बीपीच्या गोळ्या," रंगनाथराव म्हणाले. "शिट्टी वरच्या कप्प्यात. रक्तगटाची चिठ्ठी तीन ठिकाणी ठेवलीय. आणि डब्यात ओला रुमाल."

"डब्यात रुमाल? आन् पोळी?"

"पोळी कागदात. रुमाल अश्रुधुरासाठी."

"अंगनवाडीच्या बायांवर कोन सोडतंय धूर? आमीच पोलिसांना खिचडी वाढून येऊ."

रंगनाथराव हसले नाहीत. साखर कारखान्याच्या सेफ्टी खात्यात त्यांची अठ्ठावीस वर्षं गेली होती. 'अपघाताविना गेलेले दिवस' हा गेटवरचा फलक रोज सकाळी तेच बदलत. त्या अठ्ठावीस वर्षांत तीनदा तो फलक त्यांना शून्यावर आणावा लागला होता, आणि तिन्ही वेळा कामगाराच्या घरी फोनही त्यांनाच करावा लागला होता. सुरुवात ते 'घाबरू नका' अशी करत. हे दोन शब्द ऐकल्यावर पलीकडचं माणूस कसं घाबरतं, ते त्यांनी तीनदा ऐकलं होतं. तेव्हापासून अनोळखी नंबरावरून फोन आला की तो उचलावासाच त्यांना वाटत नसे. पण हे त्यांनी बायकोला कधी सांगितलं नव्हतं. पिशवी मात्र भरली होती.

भागिरथीबाईंनी नवे कॅनव्हासचे बूट घातले, नऊवारीखालून ते कसे दिसतात ते आरशात पाहिलं, आणि पिशवी उचलून त्या निघाल्या.

स्टँडवर ठरवलेली एसटी उभी होती. एक्केचाळीस बायका, आणि सोडायला आलेले त्यांचे नवरे. एवढा आयता श्रोतृवर्ग पाहिल्यावर रंगनाथरावांच्यातला सेफ्टी सुपरवायझर जागा झाला. पायरीवर उभे राहून त्यांनी दहा मिनिटं सूचना दिल्या. गर्दीत कडेने चालायचं. दागिने घरी. आणि मोबाईलही घरी, कारण रेटारेटीत माणूस आधी फोन सांभाळतो आणि मग स्वतःला.

"माझ्या मिसेसनी फोन कपाटात ठेवलाय," त्यांनी उदाहरण दिलं.

बायकांनी खरंच आपापले फोन नवऱ्यांच्या हाती दिले. नवऱ्यांनी ते इतक्या उत्साहाने घेऊन घरची वाट धरली की दोघीचौघींना लगेच पश्चात्ताप झाला.

"आन् हरवलो तर?" मदतनीस बनुबाईंनी विचारलं. त्या एकसष्ट वर्षांच्या होत्या आणि गावच्या जत्रेतही हरवत.

"हरवलात तर आहात तिथंच थांबायचं. अजिबात हलायचं नाही. पोलिसाला हा हात दाखवायचा." असं म्हणून रंगनाथरावांनी खिशातून जाड काळा मार्कर काढला. कारखान्यात टाक्यांवर खुणा करायचा मार्कर होता तो, पाण्याने न जाणारा. त्यांनी भागिरथीबाईंचा डावा हात धरला.

"मला कशाला? मला पाठ हाय तुमचा नंबर."

"घाबरल्यावर पाठ असलेलं आठवत नाही," असं म्हणून त्यांनी मनगटापासून कोपरापर्यंत दहा आकडे ठळक लिहिले.

"मला बी लिव्हा," बनुबाईंनी हात पुढे केला.

"तुमच्या मालकांचा नंबर सांगा."

"त्यो कुठं पाठ हाय? फोनात हाय."

"मग फोन बघा."

"फोन तुमीच घरी धाडला की!"

ड्रायव्हरने हॉर्न दिला. मागून दुसरी एक सेविका, चांगुणा म्हणाली, "भावजी, येळ न्हाई, तुमचाच लिव्हा. येकच नंबर सगळ्यांला, बरं पडतं." आणि अशा रीतीने एक्केचाळीस हातांवर एकच नंबर घेऊन एसटी नगरला गेली.

पहिला फोन पावणेबाराला आला. अनोळखी नंबर.

"जय भीम, रंगनाथ साळवे बोलतोय."

"घाबरू नका," पलीकडून पुरुषाचा आवाज आला.

रंगनाथराव मटकन खाली बसले. खुर्ची दोन हात लांब होती.

"मोर्चाच्या मदत केंद्रातनं हवालदार बोलतोय. तुमच्या मिसेस सापडल्यात."

"कशी आहे ती?"

"ठनठनीत हायेत. वडापाव खातायत. वय एकसष्ट सांगतात."

"एकसष्ट? ती बनुबाई! ती माझी बायको नाही."

"मग तिच्या हातावर तुमचा नंबर कसा काय?"

"मीच लिहिला."

"बरं," एवढंच म्हणून हवालदाराने फोन ठेवला.

वीस मिनिटांनी पुन्हा तोच नंबर. "घाबरू नका. तुमच्या मिसेस सापडल्यात."

"कोणत्या?" रंगनाथरावांनी विचारलं.

नवऱ्याने विचारावा असा हा प्रश्न नव्हता, हे तोंडातून गेल्यावर त्यांच्या लक्षात आलं. पलीकडे हवालदार बाजूच्या कुणाला तरी हळू आवाजात म्हणाला, "कोनत्या, म्हनतोय."

एक वाजेपर्यंत अशा पाच मिसेस सापडल्या. प्रत्येक वेळी 'घाबरू नका' ऐकून रंगनाथराव खाली बसत, आणि प्रत्येक वेळी दुसऱ्याच कुणाची तरी बायको सुखरूप निघे. शेवटी हवालदाराचाच धीर सुटला. "काका, मी नोकरीत बावीस वर्षं हाय. खरं सांगा, तुमी नक्की करता काय?"

"सेफ्टी," रंगनाथराव म्हणाले.

मग न हरवलेल्या बायकाही फोन करू लागल्या. टपरीवाल्याच्या, रिक्षावाल्याच्या, जाणाऱ्यायेणाऱ्याच्या फोनवरून. "भावजी, मी चांगुना. गॅस बंद केला का, तेवढं घरी बगून येता का?" रंगनाथराव बघून आले. गॅस बंद होता. "दादा, आमच्या शेळीला पानी दावा." दाखवलं. कापड बाजारातून दोघींनी विचारलं की मोर्चा कुठवर आला, त्यांना मध्येच गाठायचा आहे. आता मोर्चाचं डोकं कुठे आणि शेपूट कुठे, हे नगरमध्ये कुणाहीपेक्षा नेवाशात रंगनाथरावांना जास्त माहीत होतं. दीड वाजता तर हवालदाराने स्वतःच फोन केला. "घाबरू नका, कोनी सापडलं न्हाई. काका, तुमच्या बाकीच्या मिसेस कोनत्या गेटला हायेत? पान्याचा टँकर धाडायचाय."

प्रत्येकीला ते एकच विचारत. "भागिरथी दिसली का?"

"आत्ता हितंच हुती," एक म्हणे. "फुडं असंल," दुसरी म्हणे. "तिला लई कामं हायेत, भावजी," असं म्हणून चांगुणा का कोण जाणे हसली. स्वतः भागिरथीबाईंचा फोन काही आला नाही.

दोन वाजता लाईट गेली. त्या वेळी रंगनाथरावांच्या फोनमध्ये दोन टक्के चार्जिंग होतं. तेविसावा फोन, शेळी पाणी प्यायली का हे विचारणारा, अर्ध्यात तुटला आणि फोन काळा पडला.

घर शांत झालं. तेवीस फोनांनी जे झालं नव्हतं, ते त्या शांततेने अर्ध्या तासात केलं. आता खरोखर कुणी 'घाबरू नका' म्हणत असेल तर? आणि ते ऐकायला इकडे कुणी नसेल तर? अडीच वाजता रंगनाथराव बंद फोन घेऊन शेजारच्या अंजुमच्या दारात उभे होते. अंजुम घरी शिवणकाम करी.

"लाईट आली की हा लाव आणि वाजला की उचल. मी नगरला चाललो."

"काका, एवढ्या उन्हात? काकू येतीलच की चार-पाचपर्यंत."

"तिचा एकही फोन नाही, अंजुम."

हाताशी फोन असावा म्हणून त्यांनी कपाटातला भागिरथीबाईंचा फोन खिशात टाकला. पिशवी घ्यायचं त्यांच्या मनात आलं, पण घरातली एकुलती एक चांगली पिशवी त्यांनी सकाळीच दिली होती. टोपी, पाणी, चष्म्याची पेटी यांतलं काहीही न घेता, अठ्ठावीस वर्षांत प्रथमच, रंगनाथराव बिनतयारीचे घराबाहेर पडले.

वाटेत पांढरीपुलाजवळ त्यांच्या गाडीसमोरून एक एसटी आली. आतून गाण्यांचा आणि शिट्टीचा आवाज येत होता. 'लग्नाचं वऱ्हाड दिसतंय,' असं वाटून ते पुन्हा खिडकीबाहेर बघत चिंता करू लागले.

नगरला पोचले तेव्हा साडेचार वाजले होते आणि मैदान रिकामं होतं. कागदी टोप्या, पाण्याची पाकिटं, आणि खुर्च्या गोळा करणारा एक मांडववाला.

"बाया कुठं गेल्या?"

"घरी," तो म्हणाला. "तासभर झाला की."

रंगनाथरावांनी खिशातला फोन काढला. त्यावर आडव्यातिडव्या रेघेचं कुलूप होतं. 'फोनला कुलूप पाहिजेच,' असा आग्रह दोन वर्षांपूर्वी त्यांनीच धरला होता. पाच रेघा ओढून पाहिल्या. पाचव्या वेळी फोनने त्यांना अर्धं मिनिट थांबायला सांगितलं. ऊन डोक्यात गेलं होतं, घसा कोरडा पडला होता. समोर मदत केंद्राचा मांडव अजून उभा होता. ते तिथल्या खुर्चीत जाऊन बसले, किंवा पडले म्हणा.

हवालदाराने पाणी दिलं आणि वही उघडली. "कोन हरवलंय?"

"बायको."

"नाव?"

"भागिरथी रंगनाथ साळवे."

हवालदाराचं पेन थांबलं. त्याने मान वर केली आणि समोरच्या घामाघूम म्हाताऱ्याकडे निरखून पाहिलं. "सेफ्टीवाले काका? तुमीच का ते?"

"मीच."

"अहो, त्या बाई गेल्या की! दिवसभर शिट्टी वाजवून त्यांनीच तर सगळ्या बाया गोळा केल्या. बरं, हा फोन कुनाचा?"

"तिचाच. उघडत नाही."

"नंबर सांगा, वहीत लिहून ठेवतो."

पस्तीस वर्षांचा संसार, त्यातली दहा-बारा वर्षं या नंबराची. सकाळी एक्केचाळीस हातांवर त्यांनी आपला नंबर न बघता लिहिला होता. बायकोच्या नंबराचा शेवट सातने होतो की नऊने, तेही त्यांना सांगता येईना.

"पाठ न्हाई?" हवालदाराने अगदी मऊ आवाजात विचारलं. "हातावर तरी लिहून आनायचा, काका."

मग त्याने स्वतःच्या फोनवरून रंगनाथरावांचा नंबर लावला. तो बघायची त्याला गरज नव्हती. आज त्यालाही तो पाठ झाला होता. नेवाशात लाईट आली होती, कारण रिंग वाजली आणि कुणीतरी उचललं. हवालदाराने स्पीकर चालू केला.

"घाबरू नका," तो म्हणाला. "तुमचे मिस्टर सापडलेत."

"अगं बाई!" भागिरथीबाईंचा आवाज आला. मागे अंजुमच्या शिवणयंत्राची घरघर ऐकू येत होती. "बरे हायेत ना ते? टोपी हाय का डोक्यावर?"

"न्हाई. पन बरे हायेत. पानी पाजलंय."

"त्यांना म्हनावं, आहात तिथंच थांबा. अजिबात हलू नका. आन् मग नेवाशाच्या गाडीत बसवून द्या, दादा."

सात वाजता रंगनाथराव नेवाशाला उतरले तेव्हा स्टँडच्या बाकावर भागिरथीबाई बसल्या होत्या. मांडीवर तीच पिशवी, पायांत तेच बूट. त्यांनी मीठ-साखरेची पुडी बाटलीत टाकली आणि बाटली हलवून पुढे केली. रंगनाथरावांनी ती उभ्याउभ्याच संपवली.

"मोर्चाचं काय झालं?" त्यांनी विचारलं.

"निवेदन घेतलं. बगतो म्हनले." मग त्या जरा थांबल्या. "तुमी यायला नको हुतं. म्हनून तर सगळ्यांला सांगितलं हुतं मी."

"काय सांगितलं होतंस?"

"की यांना फोन करीत ऱ्हावा. हरवा, नायतर नका हरवू, गॅसचं इचारा, शेळीचं इचारा, पन फोन वाजता ठेवा. वाजत राहिला की मानूस घरात बसतंय. गप झाला की ते निघनार, हे मला काय ठावं न्हाई?" त्या पदराने घाम पुसत म्हणाल्या. "लाईट जाईल, हे ध्यानात आलं न्हाई माज्या."

"मग तू एक फोन का नाही केलास?"

"मी केला असता तर आवाजावरनं वळखलं असतं तुमी, की ऊन लागलंय मला. दुपारी जरा बसले हुते सावलीला. लगेच बरं वाटलं. तुमच्याच पुडीनं."

रंगनाथराव रिकाम्या बाटलीकडे बघत राहिले. त्यांनी खिशातून फोन काढून तिच्या हातात दिला. "तुझा नंबर विचारला त्या हवालदाराने," ते म्हणाले, आणि पुढचं वाक्य त्यांना जमलं नाही.

"म्हायती हाय. त्यानं सांगितलं मला, तुमाला गाडीत बसवल्यावर फोन करून. लई हसत हुता." भागिरथीबाईंनी त्यांच्या शर्टाच्या खिशातला मार्कर काढला. "हात करा इकडं. डावा."

दिव्याखाली, येणाऱ्याजाणाऱ्यांदेखत, त्यांनी मनगटापासून कोपरापर्यंत दहा आकडे लिहिले, अंगणवाडीतल्या पोरांना गिरवायला देतात तसे सुटे सुटे आणि मोठे. शेवटी सात होता.

तो मार्कर पाण्याने जात नाही, हे रंगनाथरावांइतकं कुणालाच माहीत नव्हतं. तरी दुसऱ्या दिवशी आंघोळ करताना डावा हात त्यांनी पाण्याबाहेरच धरून ठेवला.